‘गोल्डन ॲस’ची जुनी सचित्र प्रत घेताना

अपुलेयसची ‘गोल्डन ॲस’ ही प्राचीन लॅटिनमधली पूर्ण स्वरूपात उरलेली एकमेव कादंबरी. लंडनच्या बॉडली हेड या प्रकाशनाने १९२३ साली झां द बोशेरच्या चित्रांसह ती काढली. इंग्रजी भाषांतर ॲडलिंग्टनचं, १५६६चं.

अशी प्रत हाती आली की आधी चित्रं मोजा. चित्रसूची उघडी ठेवून एकेक पान जागेवर आहे का पाहा, कारण अशी चित्रं कापून फ्रेममध्ये विकली जातात. शिवणीलगत बोट हळूच फिरवा. पान कापलं असेल तर दोन-तीन मिलिमीटरचा खुंट लागतो. डकवलेलं चित्र निखळलं असेल तर शेजारच्या पानाच्या कडेला वाळलेल्या गोंदाची रेघ दिसते. मग दहापट भिंग लावा. जुन्या हाफटोन छपाईत, म्हणजे बारीक ठिपक्यांनी चित्र उमटवणाऱ्या छपाईत, ठिपके नेमक्या ओळींत असतात. ते विखुरलेले, फवारल्यासारखे दिसले, तर चित्र नंतर इंकजेट प्रिंटरवर काढून घातलेलं आहे. अशा प्रतीला पूर्ण किंमत देऊ नका.

पुस्तक ९० अंशांपलीकडे उघडू नका. दोन्ही बाजूंना टॉवेलची गुंडाळी ठेवा. जुन्या कागदावर पडलेले तपकिरी ठिपके खोडरबराने घासले तर कागदाचे तंतू उठतात, डाग राहतोच. सेलोटेप तर नकोच: त्याचा चिकट थर पिवळा पडून कागदात मुरतो.