‘ट्वेंटी फोर’ सलग बघताय? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात परभणीला मी आणि धाकटा चुलतभाऊ गच्चीवर गाद्या टाकून ‘ट्वेंटी फोर’ बघायला बसलो. रात्रीचे अकरा वाजले होते. “एकच भाग बघू,” असं ठरलं होतं. खाली माय अंगणात सडा टाकायला उठली तेव्हा आठवा भाग संपत आला होता. तिनं वर बघून विचारलं, “रातभर काय बघायलात रे?”

ही अमेरिकी मालिका २००१ ते २०१० अशी चालली. आठ सीझन, प्रत्येकाचे २४ भाग, म्हणजे १९२ भाग. एक भाग साधारण ४३ मिनिटांचा धरला तर एका सीझनलाच सतरा तास लागतात. इतकं लांबचं बघायचं तर नीट बघावं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘हा भाग संपला की झोपू’ असं ठरवणं. तिथंच तर माणूस अडकतो. भागाचा शेवटचा मिनिट मुद्दाम असा रचलेला असतो की जीव टांगणीला लागावा. कुणीतरी दार उघडतं, फोन वाजतो, पडद्यावर घड्याळाचे ठोके पडतात आणि भाग संपतो. अशा वेळी झोप कुठली येणार? त्यापेक्षा पुढचा भाग लावा, दहा-बारा मिनिटं बघा आणि मध्येच थांबवा. तोवर दारामागे कोण होतं ते कळलेलं असतं आणि नवा पेच अजून पडलेला नसतो. शिवाय पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आमचं अर्धं जागरण त्या एका सोयीमुळं झालं.

दुसरी गोष्ट. एक भाग म्हणजे गोष्टीतला एक तास, पण पडद्यावर चाळीस-त्रेचाळीस मिनिटंच दिसतात. माझ्या भावाला वाटलं, डाउनलोड अर्धवट झालं. त्यानं दोनदा पुसून परत उतरवलं, डेटा वाया गेला. भाग कापलेला नसतो. टीव्हीवर जाहिराती चालू असतानाही गोष्टीतलं घड्याळ पुढं सरकत होतं, म्हणून मध्ये चार-चार मिनिटांची उडी दिसते.

याच कारणानं ही मालिका दीडपट वेगानं बघू नका. दुसरी कुठली बघा, पण ही नाही. मालिकेचा नायक, दहशतवाद्यांच्या मागावर असलेला सरकारी एजंट जॅक बाउर याच्याकडं वेळ उरलेला नाही, हे त्या घड्याळामुळंच अंगावर येतं. वेग वाढवला की ठोका चुकतो, आणि मग उरते नुसती पळापळ.

क्रमही सांभाळा. सहाव्या सीझननंतर थेट सातवा लावला तर संगाला हा काल्पनिक देश आणि तिथला जनरल जुमा कुठून आला, ते कळत नाही. मध्ये २००८ चा ‘रिडेम्प्शन’ हा टीव्हीपट आहे, तो आधी बघा. २०१४ चा बारा भागांचा ‘लिव्ह अनदर डे’ आठव्यानंतर. अनिल कपूरची २०१३ ची हिंदी आवृत्ती पहिल्या मूळ सीझनच्या कथेवर बेतलेली आहे, म्हणून मूळ आधी उरकून घ्या. आणि पात्राचं नाव इंटरनेटवर शोधूच नका. शोधायच्या खिडकीतच ‘मृत्यू’ असा शब्द पुढं येतो.

राहिला आपल्याकडचा उन्हाळा. लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा दिवसा भाग उतरवून ठेवा. पण त्यांना मुदत असते, अधूनमधून नेट लावून तपासा. चार्जिंगला लावलेला फोन गोधडीवर ठेवून बघू नका. आमचा इतका तापला की स्क्रीन आपोआप अंधारली. फरशीवर किंवा पितळी ताटलीला टेकवून ठेवला आणि कव्हर काढलं, की बरं चालतं. कुजबुज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा तर स्फोटानं शेजारी उठतात; त्यापेक्षा सबटायटल लावा. छळाचे प्रसंग बरेच आहेत, लहान लेकरं जवळ असतील तर नकोच.

भाऊ आता चौथ्या सीझनला आलाय. रोज दोन भाग, आणि तिसऱ्याची दहा मिनिटं.