सास, क्लाऊड, होस्टेड, वेब-बेस्ड: इंटरनेटवरच्या सॉफ्टवेअरची नावं कशी ताडून पाहावीत

इंटरनेटवरून वापरायचं सॉफ्टवेअर निवडायला बसलं की आधी नावांचाच गोंधळ उडतो. एक कंपनी आपल्या मालाला 'क्लाऊड' म्हणते, दुसरी 'सास' (सॉफ्टवेअर अ‍ॅज अ सर्व्हिस, म्हणजे सेवा म्हणून मिळणारं सॉफ्टवेअर), तिसरी 'होस्टेड'. यातलं चांगलं कोणतं, हे विचारून हाती काही लागत नाही, कारण हे शब्द एकाच गोष्टीबद्दल बोलतच नाहीत. कुणी सॉफ्टवेअर कुठे चालतं ते सांगतो, कुणी ते कोण सांभाळतं ते. म्हणून पाटी बाजूला ठेवा आणि प्रत्येक उत्पादनाला पुढचे प्रश्न क्रमाने विचारा.

१. चालतं कुठे?

काहीही इन्स्टॉल न करता ब्राऊझरमध्ये सगळं काम होत असेल, तर ते वेब-बेस्ड. पण एवढ्यावरून ते सास ठरत नाही. ऑफिसच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेली हजेरीची यंत्रणाही ब्राऊझरमध्येच उघडते. उलट फोटोशॉप मिळतं 'क्रिएटिव्ह क्लाऊड'च्या नावाखाली, पण त्याचं डेस्कटॉप व्हर्जन तुमच्याच संगणकावर इन्स्टॉल होतं आणि बहुतेक काम तिथेच करतं. नावात क्लाऊड आहे म्हणून हुरळून जाऊ नका.

२. सगळ्यांना एकच की प्रत्येकाला वेगळं?

खरी मेख इथे आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस 'एएसपी', म्हणजे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हिस प्रोव्हायडर, नावाच्या कंपन्या बरेचदा प्रत्येक ग्राहकासाठी सॉफ्टवेअर वेगळं बसवून आपल्या सर्व्हरवर चालवायच्या. आजचं 'होस्टेड' बहुतांशी तेच. १९९९मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्ससारख्या (ग्राहकांच्या नोंदी सांभाळायचं सॉफ्टवेअर देणाऱ्या) कंपन्यांनी दुसरी वाट धरली: सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच, डेटा मात्र ज्याचा त्याचा वेगळा. याला मल्टी-टेनंट म्हणतात, आणि सास म्हणताना साधारणपणे हेच अपेक्षित असतं.

हे ओळखायचं कसं? विक्रेत्याचा शब्द प्रमाण मानू नका, त्यांच्या रिलीज नोट्स, म्हणजे नव्या व्हर्जनमध्ये काय बदललं याच्या नोंदी, उघडा. 'अमुक तारखेपासून सर्व ग्राहकांना नवीन स्क्रीन दिसेल' असं लिहिलेलं असेल, तर मामला सासचा. '४.२ व्हर्जन वापरणाऱ्यांनी ४.३वर जाण्याआधी आमच्याशी संपर्क साधावा' असं असेल, तर ते होस्टेड, मग जाहिरातीत काहीही छापलेलं असो.

फरक रोजच्या कामात जाणवतो. सासमध्ये अपडेट नाकारायची सोय सहसा नसते. सोमवारी सकाळी बटण जागेवरून हललेलं असतं आणि सगळे एकमेकांना विचारत बसतात. होस्टेडमध्ये जुनं व्हर्जन काही काळ धरून ठेवता येतं, हवे तसे बदलही करून घेता येतात, पण पुढे अपग्रेडला वेळ आणि पैसा दोन्ही जातात. ज्यांचे फॉर्म आणि कामाची पद्धत ठरलेली आहे, त्यांनी होस्टेडला जुनाट म्हणून मोडीत काढू नये, असं माझं मत.

३. तुमच्या गळ्यात काय पडतं?

क्लाऊड, म्हणजे दुसऱ्याचे संगणक आणि सेवा इंटरनेटवरून वापरणं, हा मोठा शब्द, सास त्यातला एक प्रकार. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने सप्टेंबर २०११मध्ये केलेल्या व्याख्येत क्लाऊडचे तीन सेवाप्रकार आहेत. सासमध्ये तयार सॉफ्टवेअर वापरायचं. पासमध्ये (प्लॅटफॉर्म अ‍ॅज अ सर्व्हिस) स्वतःचा प्रोग्राम त्यांच्या प्लॅटफॉर्मवर चालवायचा. आयासमध्ये (इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅज अ सर्व्हिस) सर्व्हर आणि स्टोरेज त्यांचं, ऑपरेटिंग सिस्टिमपासून वरचं सगळं तुम्ही सांभाळायचं. हाताशी तांत्रिक माणूस नसेल तर शेवटचे दोन यादीतून सरळ खोडा.

४. पैसे कसे द्यायचे?

हा रकाना वेगळाच ठेवा. सबस्क्रिप्शन आहे म्हणून सास, हे गणित चुकीचं. संगणकावर बसणारी सॉफ्टवेअरही आता महिन्याच्या हप्त्यावर मिळतात.

५. उरलेलं लेखी मागा

'९९.९ टक्के अपटाइम' (सेवा चालू राहण्याचा वेळ) ऐकायला भारी वाटतं, पण ३० दिवसांच्या महिन्यात त्याचा अर्थ सुमारे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. ठरवून केलेल्या देखभालीचा वेळ त्यात धरलाय की नाही, ते विचारा. आणि सोडून जाताना डेटा कोणत्या फॉरमॅटमध्ये मिळेल, खातं बंद केल्यावर तो किती दिवस ठेवला जाईल, हेही. चाचणी खातं मिळत असेल तर त्यात दहा-वीस नोंदी भरा, एक्स्पोर्ट करा आणि फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा: तारखा, जोडलेल्या फायली, मराठी अक्षरं जशीच्या तशी आली का?