सिगारचे छोटे दुकान विकत घेण्यापूर्वी

नागपुरात तंबाखूचा किरकोळ धंदा म्हटला की पानठेलाच डोळ्यांपुढे येतो. सिगार, पाइपची तंबाखू आणि उंची सिगारेटी ठेवणारी दुकाने त्या मानाने थोडी असल्यामुळे त्यांपैकी एखादे विक्रीला निघाल्याचे कळताच घेणाऱ्याला घाई होते. विकणारा एकच रक्कम सांगतो. तिच्यात जागेचा हक्क, शिल्लक माल, फर्निचर आणि बांधलेले गिऱ्हाईक हे सारे एकत्र मोजलेले असते. मी अनेक वर्षे लहान दुकानदारांचे हिशेब लिहीत आलो आहे. अशा व्यवहारात सर्वांत आधी एकच गोष्ट तपासावी, असे माझे ठाम मत आहे: आज गल्ल्यात पडणाऱ्या पैशांपैकी कायद्याने तुम्हाला मिळवता येईल असा हिस्सा किती?

हा प्रश्न नागपुरात विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथे दुकान सिगारचे असले तरी कोपऱ्यात खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना यांचे मिश्रण, घोटला जात असण्याची शक्यता नेहमीच असते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा व पानमसाला आणि २०१३ पासून सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा व मावा यांच्या विक्रीवर अन्न सुरक्षा कायद्याखाली बंदी आहे. शिवाय राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सिगारेट व विडीची सुटी विक्रीही बंद केली. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी सर्रास चालतात आणि नेमका त्यांतच नफ्याचा मोठा वाटा दडलेला असतो.

उदाहरण म्हणून असे समजा की महिन्याची विक्री २,७०,००० रुपये आहे. तीत १,८०,००० च्या सिगारेटींवर आठ टक्क्यांनी १४,४०० रुपये, ३०,००० च्या सिगारवर पंचवीस टक्क्यांनी ७,५०० रुपये, लायटर व थंड पेयांच्या २०,००० च्या विक्रीवर ३,००० रुपये आणि खर्ऱ्याच्या ४०,००० च्या विक्रीत २०,००० रुपये सुटतात. एकूण मिळकत ४४,९०० रुपये झाली. भाडे १२,०००, वीज ३,५०० आणि पोऱ्याचा पगार ९,००० वजा केला की २०,४०० उरतात, आणि हाच आकडा विकणारा तुमच्यापुढे ठेवतो. त्यातून खर्रा काढा. महिन्याकाठी ४०० रुपये शिल्लक राहतात, आणि तुम्ही स्वतः बारा तास बसाल त्याची मजुरी अजून धरलेलीच नाही. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, परंतु रीत हीच ठेवावी: प्रत्येक जिनसाची विक्री वेगळी आणि तिच्यावरचा नफा वेगळा.

हे जिनसवार आकडे तोंडी विचारून मिळत नाहीत. एजन्सीकडून आलेल्या मालाची बारा महिन्यांची खरेदी बिले मागावीत, कारण विक्री फुगवून सांगता येते, पण तेवढी खरेदी दाखवणे अवघड असते. यूपीआयने जमा झालेल्या रकमांचा बँकेचा उतारा त्यांच्याशी ताडून पाहावा आणि नंतर विकणाऱ्याच्या संमतीने किमान दहा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानात बसून स्वतः नोंद करावी. हे दहा दिवस विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनातले नसावेत. त्या काळात मुंबई-पुण्याची मंडळी शहरात उतरतात आणि सिव्हिल लाइन्स, सदर, सीताबर्डी, रामदासपेठ या भागांतील विक्री वर्षभराच्या अंदाजासाठी निरुपयोगी ठरते. सिगार घेणारी माणसे मोजकीच असतात, म्हणून नेहमीचे किती जण आहेत आणि ते दुकानासाठी येतात की मालकाच्या ओळखीने, हेही याच दिवसांत कळते. उधारीची वही अवश्य पाहावी. मात्र जुनी उधारी विकत घेऊ नये.

वरच्या उदाहरणातील विक्री वर्षाला ३२,४०,००० रुपये होते. माल विकणाऱ्यांना जीएसटी नोंदणीसाठी ४० लाखांपर्यंत सूट आहे, असे पुष्कळांनी ऐकलेले असते. परंतु तंबाखू व पानमसाला विकणाऱ्यांना ती लागू नाही. त्यांची मर्यादा २० लाखच आहे, म्हणजे दिवसाला साधारण साडेपाच हजारांची विक्री झाली तरी नोंदणी घ्यावी लागते. विकणाऱ्याने ती घेतलेली नसेल, तर त्यात केवळ त्याचा दोष आहे असे समजून पुढे जाऊ नये. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या ८५व्या कलमानुसार धंदा हस्तांतरित झाल्यास हस्तांतरणापूर्वीच्या थकीत करासाठी घेणाराही विकणाऱ्यासोबत जबाबदार धरला जातो. त्यामुळे भरलेली विवरणपत्रे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

जागेच्या बाबतीत मी सर्वांत कडक राहायला सांगेन, कारण पुष्कळदा जी जागा विकली जाते ती विकणाऱ्याची नसतेच. दुकान म्हणजे फुटपाथवरची टपरी असेल, तर २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्री प्रमाणपत्र विकता किंवा भाड्याने देता येत नाही; ज्याच्या नावावर ते असेल त्याच्या मृत्यूनंतर किंवा कायमच्या आजारपणातच ते पत्नी, पती अथवा अवलंबून असलेल्या अपत्याकडे जाऊ शकते. अशा टपरीसाठी ‘जागेचे’ म्हणून दिलेले लाखो रुपये म्हणजे केवळ एका पत्र्याच्या पेटीची किंमत होय. गाळा भाड्याचा असेल, तर भाडेकरूला मालकाच्या लेखी संमतीशिवाय तो तुमच्या हवाली करता येणार नाही. म्हणून बोलणी भाडेकरूशी झाली तरी करार घरमालकाशी करावा आणि तो नोंदणीकृत असावा. इमारत नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवरील भूखंडावर उभी असेल, तर लीजच्या अटी व नूतनीकरणाची तारीखही पाहावी.

यानंतर अंतर मोजावे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई केली आहे, आणि हे अंतर संस्थेच्या कुंपणापासून सरळ रेषेत धरले जाते, रस्त्याने चालत जाऊन नव्हे. लॉ कॉलेज चौक किंवा रविनगर यांसारख्या महाविद्यालयांच्या परिसरातील दुकान पाहताना मोबाइलच्या नकाशावर ही रेषा ओढून बघावी. दुकान आत येत असेल, तर विक्री कितीही असो, मी तेथेच थांबेन. हा नियम मुलांसाठी आहे, त्याचे कारण खरे आहे आणि ज्याला तो अडचण वाटतो त्याने हा धंदा घेऊ नये. अठरा वर्षांखालील कोणालाही तंबाखू न देण्याचा नियमही त्याच कायद्यात आहे. दहा दिवस बसाल तेव्हा तो पाळला जातो का, हे पाहावे.

सिगारचा साठा म्हणजे या खरेदीतील सर्वांत नाजूक भाग. सिगार साधारण १८ ते २१ अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता यांत टिकतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. काही आठवड्यांतच पावसाळा सुरू होऊन उलट बुरशीची भीती उभी राहते. पंचवीस अंशांच्या वर तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी उबू लागतात आणि एका पेटीतून कीड शेजारच्या पेट्यांत शिरते. कूलरने ओलावा मिळतो हा समज घातक आहे, कारण तो ओलावा आवरता येत नाही आणि कूलरच्या जाळीतील खसाचा (वाळ्याचा) वास सिगार शोषून घेतो. म्हणून ह्युमिडोरमध्ये, म्हणजे सिगारचा ओलावा राखणाऱ्या कपाटात किंवा पेटीत, स्वतःचा आर्द्रतामापक एक रात्र ठेवून पाहावा, वीज गेल्यास इन्व्हर्टर किती तास चालतो ते विचारावे आणि प्रत्येक पेटीतील एक-दोन सिगार बोटांनी हलके दाबून पाहावेत. करकर आवाज करणारे, वरचे पान तडकलेले किंवा टाचणीएवढी भोके पडलेले सिगार शून्य किमतीचे धरावेत. माझ्या माहितीतील एका गृहस्थांनी उन्हाळ्याच्या शेवटी छापील किमतीने साठा घेतला आणि त्यातील निम्मा त्यांना टाकून द्यावा लागला.

पेटीवर आयातदाराचे नाव, छापील किंमत आणि ८५ टक्के भागावरील सचित्र इशारा नसेल, तर तो माल चोरट्या मार्गाने आलेला आहे असे समजावे आणि हिशेबात धरू नये. इशाऱ्याविना विक्री केल्यास पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ई-सिगारेट तर २०१९ पासून साठवणेही गुन्हा आहे.

गाळ्याची पातळीही पाहावी. सिमेंट रस्ते झाल्यापासून अनेक जुनी दुकाने रस्त्याच्या खाली गेली आहेत, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडल्यावर दुकानांतून किती पाणी शिरले होते, हे नागपूरकरांना सांगायला नको. भिजलेला सिगार वाळवून विकता येत नाही.

दुकानात चार खुर्च्या टाकून सिगार ओढण्याची बैठक करू, असा बेत पुष्कळांच्या मनात असतो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाच्या बंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. वेगळी धूम्रपान खोली फक्त विमानतळ, किमान तीस खोल्यांचे हॉटेल किंवा किमान तीस आसनांचे उपाहारगृह यांनाच ठेवता येते, दुकानाला नाही. कंपनीच्या झगमगत्या फलकाचे भाडेही उत्पन्नात धरू नये, कारण दुकानावरील फलकावर ब्रँडचे नाव चालत नाही.

एवढे सारे तपासून धंदा पटला, तर किंमत तीन तुकड्यांत लिहून घ्यावी: फर्निचर व ह्युमिडोर, खरेदी बिलाच्या दराने मोजलेला चांगला माल आणि गिऱ्हाइकाबद्दलची रक्कम. शेवटची रक्कम कायदेशीर नफ्याच्या वर्षभराच्या आकड्यापेक्षा जास्त देऊ नये, असे मी सुचवतो, आणि तिचा अर्धा भाग सहा महिन्यांनी, जुने गिऱ्हाईक टिकल्याचे दिसल्यावर द्यावा. विकणारा त्याच परिसरात दुसरे दुकान काढणार नाही, हे करारात असावे. ताबा घेण्याच्या दिवशी दोघांनी मिळून पेटी न् पेटी मोजावी, यादीवर दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि किल्ली हाती आल्यावरच मालाचे पैसे द्यावेत.