लिनक्ससाठी छोटा लॅपटॉप घेताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ऑफिसांनी वापरून काढलेले सहाव्या-सातव्या पिढीचे छोटे, धडधाकट लॅपटॉप विंडोजवाल्यांच्या कामाचे राहिले नाहीत. लिनक्सवाल्यांची मात्र सुगी आहे, कारण लिनक्सला, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, ही अट नाही. तरीही लातूर-नांदेडला शिकायला निघालेल्या पोरासाठी घरचे ऑनलाइन सेलमधून अकरा इंची नवाकोरा स्वस्त लॅपटॉप मागवतात. ‘लिनक्स हलकं असतं, यावर पळेल’ हे कुणीतरी सांगितलेलं असतंच. माझं मत स्पष्ट आहे: त्याच पैशात साडेबारा इंची जुना बिझनेस लॅपटॉप घ्या.

‘लिनक्सला ४ जीबी बक्कळ झाली’

लिनक्स हलकं असतं, ब्राउझर नसतो. मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुरू होऊन गप बसली तर एक जीबीच्या आसपास रॅम खाते. मग क्लासचं लाइव्ह लेक्चर, एक जाडजूड पीडीएफ आणि चार-पाच टॅब उघडले की ४ जीबीचा जीव जातो. ८ जीबीच्या खाली उतरू नका.

खरी गोम पुढेच आहे. स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डकवलेली असते, आणि एसएसडीच्या जागी ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे स्वस्तातली संथ स्टोरेज चिप, तीही डकवलेलीच. ‘नंतर वाढवू’ म्हणायची सोयच नाही. जुन्या मालातही हे बघावं लागतं. लेनोवोच्या थिंकपॅड एक्स२७० मध्ये रॅमचा एक स्लॉट, म्हणजे पट्टी बसवायची खाच आहे. ८ ची पट्टी काढायची, १६ ची बसवायची. त्याच्याच पुढचा एक्स२८० अंगाने बारीक आणि दिसायला देखणा, पण त्याची रॅम डकवलेली. डेल लॅटिट्यूड ७२९० पण बारीकच आहे, तरी त्यात स्लॉट आहे. दुकानदार ‘वाढवून देऊ की भाऊ’ म्हणाला तर मागचं झाकण उघडून दाखवायला सांगा.

क्रोमबुक (गुगलच्या क्रोमओएसवर चालणारे लॅपटॉप) आणि स्नॅपड्रॅगन प्रोसेसरवाले नवे लॅपटॉप पहिल्यांदा लिनक्स वापरणाऱ्याने घेऊ नयेत. चालवणारे चालवतात, पण ती वेगळी हौस आहे.

पेनड्राइव्ह न घेता दुकानात जाणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घरून निघण्याआधी मिंट, उबंटू किंवा फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच लिनक्स चालतं असा) तयार करा आणि काउंटरवरच लॅपटॉप त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल काहीच करायचं नाही. वायफाय आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. आवाज, कॅमेरा, माइक, ब्राइटनेसची बटणं, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, सगळं तपासा. झाकण पाच मिनिटं मिटून पुन्हा उघडा. स्क्रीन काळीच राहिली तर तो लॅपटॉप तिथेच ठेवा. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालला नाही तर मात्र मनावर घेऊ नका, तो कित्येकांत चालत नाही.

त्याआधी बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणारी मूळ सेटिंग, उघडून बघा. आत जायला सुपरवायझर पासवर्ड मागितला तर सरळ उठा. ‘बोर्डावरचा छोटा सेल काढला की जातो’ असं सांगतील. थिंकपॅडमध्ये तो सेल काढून जात नाही, आणि त्या पासवर्डशिवाय पुढे सेटिंग बदलता येत नाही.

बॅटरीचं खरं-खोटंही इथेच कळतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘upower -d’ चालवा. ‘एनर्जी फुल डिझाइन’ म्हणजे नवी असतानाची क्षमता, ‘एनर्जी फुल’ म्हणजे आज उरलेली. ४८ च्या जागी २० दिसले तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करून बोला. एक्स२७० मध्ये एक बॅटरी आत आणि एक मागे असते, दोन्हींचे आकडे वाचा. गावाकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून टाइप-सीवर चार्ज होणारं मॉडेल बघा. मग पॉवर बँकही कामाला येते, फक्त ती ४५ वॅट किंवा जास्तीची, पीडीवाली (‘पॉवर डिलिव्हरी’ असं लिहिलेली) हवी. मोबाइलची साधी पॉवर बँक लावून ‘चार्जच होत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

वायफाय दिसत नाही

इंटेलचं कार्ड असेल तर बहुतेक वेळा हा प्रश्नच येत नाही. ब्रॉडकॉम आणि रिअलटेकची काही कार्डं रडवतात. ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे, आणि नेटसाठी ड्रायव्हर! मोबाइल केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग (केबलवरून नेट देणं) चालू करा, नेट लगेच येतं. मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका. तेही जमलं नाही तर इंटेलचं कार्ड बसवता येतं, पण जुन्या काही थिंकपॅडचा बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतो. आधी चौकशी करा, मग मागवा.

इन्स्टॉलरला डिस्क सापडत नाही

डिस्क खराब नसते. बायोसमध्ये स्टोरेजची सेटिंग इंटेलच्या ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ मोडवर असेल तर ती ‘एएचसीआय’ या साध्या मोडवर आणावी लागते. मात्र विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल घाईने करू नका, विंडोज उठणार नाही. आधी ते सेफ मोडमध्ये सुरू व्हायला लावायचं, मग बदल. बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की त्याच्याही आधी वहीत लिहून ठेवा.

बॅगेत तापणारा लॅपटॉप

झाकण मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला, परभणीहून संभाजीनगरला एसटीने गेलात, आणि उतरल्यावर बॅग गरम, बॅटरी खल्लास. नव्या लॅपटॉपांत हे जास्त होतं; त्यातल्या बऱ्याच जणांत झाकण मिटल्यावरची जुनी गाढ झोप (स्लीप) उरलेलीच नाही, ते नुसते पेंगतात. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये ‘स्लीप स्टेट’खाली लिनक्सचा पर्याय मिळतो, तो निवडा. नसेल तर प्रवासात सरळ शटडाउन. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असताना हे विसरून चालत नाही. त्याच कारणाने बिनपंख्याचा लॅपटॉप आपल्याकडे नको: तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि माणूस लिनक्सला शिव्या घालतो. जुना घेतलात तर पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट नवी लावून घ्या.

पत्रिका, बॅनरचं डीटीपी करून पोट भरणाऱ्यांनी श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरसाठी विंडोज ठेवावंच. नुसतं मराठी टायपिंग असेल तर लिनक्समधल्या आयबस या टायपिंगच्या सोयीत इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात.

आणि बिल घ्या. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो बायोसमध्ये दिसणाऱ्या नंबरशी ताडून बघा.