पहिला वन्यजीव अभ्यास रखडतोय? या चुका टाळा

मार्च सरता सरता नागपूरच्या अंबाझरी तलावावरची थंडीची बदकं परतीला लागतात आणि आपल्या हातात उरते अर्धी भरलेली वही. पहिला अभ्यास बहुतेक वेळा इथेच अडकतो. पाहणी झालेली असते, लिहून काढणं राहिलेलं असतं.

मूळ दुखणं प्रश्नात असतं. ‘नागपूरच्या तलावांवरचे पक्षी’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘जलपर्णी वाढली की वारकरी (पाण्यावर तरंगणारा काळा पक्षी) कमी होतात का?’ हा प्रश्न. पण त्यातही मेख आहे. जलपर्णीत शिरलेला वारकरी दिसत नाही. तो तिथे नाही, असं मात्र नाही. म्हणून दर वेळी तीच जागा, तीच वेळ, तेवढीच मिनिटं ठेवा आणि पाण्याचा किती भाग झाकलेला होता तेही नोंदवा. हे राहूनच गेलं असेल, तर निष्कर्षात ‘कमी आहेत’ऐवजी ‘कमी दिसले’ असं लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

एकाच तलावावर तीस फेऱ्या केल्या म्हणजे तीस तलाव पाहिले असं होत नाही. फेऱ्या जास्त, तलाव एक असेल तर बोलायचं फक्त त्या तलावाबद्दल. फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव या शहरातल्या इतर तलावांच्या नावाने विधानं करायची नाहीत.

काही दिसलं नाही म्हणून रकाना कोरा ठेवू नका. शून्य लिहा. चार महिन्यांनी कोऱ्या रकान्याकडे पाहून तुम्हालाच कळत नाही की पक्षी नव्हता, की तुम्हीच गेला नव्हता.

नोंदी त्याच संध्याकाळी तक्त्यात उतरवा. मी तीन आठवडे चिठ्ठ्या पिशवीत ठेवल्या होत्या. त्यावर जागोजाग ‘हळ.’ एवढंच. हळदीकुंकू बदक की काठावरच्या झाडातला हळद्या? आठ सकाळींच्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या. अंदाजाने भरल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं, ते वेगळं.

कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर तारीख चुकीची पडली तर घाबरू नका. कॅमेरा काढताना समोर खरी वेळ दाखवणारं घड्याळ धरून एक फोटो घ्या. जो फरक येईल तो सगळ्या फोटोंना लावता येतो. मधेच बॅटरी बदलून घड्याळ पुन्हा शून्यावर गेलं असेल तर मात्र त्या आधीचे आणि नंतरचे फोटो वेगळे मोजा. आणि आपल्याकडचा मे विसरू नका. हे कॅमेरे प्राण्याच्या अंगाची ऊब आणि भोवतालचं तापमान यांतल्या फरकावर चालतात. पारा पंचेचाळिशीला टेकला की प्राणी समोरून जाऊनही कधी कधी फोटो निघत नाही. उलट तापलेलं गवत हललं तरी कॅमेरा फोटो काढतो. दुपारी प्राणी फिरत नाहीत असा निष्कर्ष काढण्याआधी हे तपासा.

उमरेड-कऱ्हांडला किंवा बोरसारख्या अभयारण्यात अभ्यास करायचा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. वन विभागाचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे म्हणून अर्ज आठवड्यात सुटेल असं धरू नका. परवानगी आली नाही तर प्रश्न शहरातल्या तलावांवर न्या. तिथेही फक्त पाहायचं. पकडायचं, हाताळायचं नाही.

‘जलपर्णीचा काही परिणाम दिसला नाही’ असं उत्तर आलं तर तेही लिहून काढा. ‘अजून एक हिवाळा बघतो’ म्हणत बसू नका. नोव्हेंबरात नवी बदकं उतरायच्या आत तक्ता बंद करा आणि त्यानंतरच्या नोंदी नव्या वहीत लिहा.