बॅटरीवर काय करायचं, प्लगवर काय ठेवायचं: फोटो एडिटिंग आणि लॅपटॉपचं ग्राफिक्स

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक असो की मे महिन्यातलं लग्न, पहिलं सिलेक्शन बऱ्याचदा जागेवरच बसून करावं लागतं. यात्रेच्या होम मैदानावर प्लग कुठून मिळणार? अशा वेळी ग्राफिक्स कार्डवाला महागडा लॅपटॉप दीड-दोन तासांत मान टाकतो. दर वेळी बॅटरीचाच दोष असतो असं नाही. हलकं काम जड कार्डावर चाललेलं असतं.

आधी साधा हिशोब करा. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये लिहिलेली असते. ६० वॉट-अवरच्या बॅटरीवर लॅपटॉप १० वॉट खात असेल तर ६ तास, ३० वॉट खात असेल तर जेमतेम २ तास. हा फरक बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डामुळे पडतो. अशा लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स दोन असतात: एक प्रोसेसरमधलंच, दुसरं एनव्हिडिया किंवा एएमडीचं वेगळं कार्ड. वेगळं कार्ड झोपलेलं असेल तर जवळपास काही खात नाही, पण जागं झालं की काम नसतानाही काही वॉट जातातच. त्यातून बॅटरीवर असताना लॅपटॉप या कार्डाची ताकद बरीच कमी करतो, कारण त्याला पूर्ण जोरात चालवण्याएवढी वीज बॅटरी देऊ शकत नाही. म्हणजे चार्जही जातो आणि वेगही मिळत नाही.

म्हणून बॅटरीवर सिलेक्शन, क्रॉप, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर एवढंच करा. एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणं) आणि मोठा एक्स्पोर्ट घरी, प्लग लावून. डीनॉइजला वेगळ्या कार्डावर एका फोटोला काही सेकंद लागतात, तिथे प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मिनिटं लागू शकतात.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जा. यादीत लाइटरूम (फोटो एडिटिंगचा प्रोग्राम) निवडून ‘पॉवर सेव्हिंग’ करा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. ब्राउझर आणि व्हॉट्सॲपलाही हेच लावा, तेही कार्ड जागं ठेवू शकतात. मग लाइटरूम क्लासिकच्या प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्स टॅबमध्ये कोणत्या ग्राफिक्सचं नाव दिसतंय ते बघा. घरी आल्यावर ‘हाय परफॉर्मन्स’ परत लावायला विसरू नका. एचडीएमआयची वायरही काढून ठेवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते पोर्ट थेट वेगळ्या कार्डाला जोडलेलं असतं, त्यामुळे बाहेरचा मॉनिटर लावला की कार्ड झोपतच नाही. स्क्रीन १४४ हर्ट्झची असेल तर ६० वर आणा, फोटोला त्याने काही फरक पडत नाही.

इम्पोर्ट करताना प्रीव्ह्यूसाठी ‘एम्बेडेड अँड साइडकार’ निवडा. रॉ फाइलच्या आत कॅमेऱ्याने ठेवलेली जेपेग वापरली जाते, त्यामुळे सिलेक्शन झटपट होतं. एडिटही जागेवरच करायचं असेल तर स्मार्ट प्रीव्ह्यू (फोटोच्या छोट्या प्रती) बनवा आणि परफॉर्मन्स टॅबमध्ये मूळ फाइलऐवजी तेच वापरण्याची खूण करा. त्यांची लांब बाजू २५६० पिक्सेल असते, म्हणून प्रोसेसरवर ताण कमी येतो. शार्पनेस आणि नॉइज मात्र त्यावर ठरवू नका.

खरा घात होतो तो स्क्रीनवर. चार्जर काढला की अनेक लॅपटॉप चित्र बघून आपोआप उजेड आणि कॉन्ट्रास्ट बदलतात. यात्रेतल्या पांढऱ्याशुभ्र बाराबंदीचा (पारंपरिक अंगरख्याचा) फोटो घ्या. स्क्रीन मंदावलेली असते, फोटो काळपट वाटतो, तुम्ही एक्स्पोजर वाढवता. घरी प्लग लावून बघता तर बाराबंदीच्या चुण्या गायब, नुसता सपाट पांढरा डाग. रॉ फाइल असेल तर सावरता येतं, पण तोवर जेपेग पेपरकडे पोचलेली असते. यासाठी डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ब्राइटनेसखालचा ‘चित्रानुसार उजेड बदला’ या अर्थाचा पर्याय बंद करा. एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमधलं व्हॅरी-ब्राइटही बंद करा. बॅटरी सेव्हर (नव्या विंडोज ११ मध्ये ‘एनर्जी सेव्हर’) सुद्धा उजेड उतरवतो, त्यातली ती खूण काढा. एक्स्पोजर डोळ्याने नको, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघून ठरवा: उजवी कड भिंतीला चिकटली की थांबा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. बंद गाडीत लॅपटॉप ठेवला तर बॅटरी कायमची कमजोर होते. घरी दिवसभर प्लगवरच काम असेल तर कंपनीच्या ॲपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री १०० करा. ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरवर डीनॉइज लावलं तर प्लग असूनही चार्ज उतरू शकतो. जड कामाला लॅपटॉपसोबत आलेला मोठा चार्जरच घ्या.

एवढं करूनही टिकत नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करा. रिपोर्टची फाइल कुठे ठेवली ते तिथेच दिसतं. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे आकडे ताडून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या ६० टक्क्यांवर आला असेल तर सेटिंग्जशी झगडू नका, लग्नसराईआधी बॅटरी बदलून घ्या.