इंग्रजीचा आपला तास आपणच कसा तपासावा

तास संपवून वर्गाबाहेर पडताना आपण मनातल्या मनात निकाल देऊन टाकतो: "आज बरा झाला" किंवा "आज काही जमलं नाही". खरं तर हा निकाल बहुतेक वेळा आपल्या मूडचा असतो. मुलं हसली की तास छान, गप्प बसली की वाया. ती इंग्रजीत किती बोलली, याचा त्यात पत्ताच नसतो. अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये कामाबद्दलच्या विचाराचे दोन प्रकार मांडले: काम करता करता होणारा आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला. पहिला सरावाने अंगात मुरतो. दुसऱ्याला पुरावा लागतो, कारण संध्याकाळपर्यंत तासातलं आठवतं ते फार तर शेवटच्या पाच मिनिटांतला गोंधळ.

प्रश्न लहान करा

"मी चांगली शिक्षिका आहे का?" या प्रश्नाने झोप उडते, बाकी काही होत नाही. त्यापेक्षा "प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबते?", "मागच्या बाकांवरची किती मुलं बोलली?", "मूल चुकलं की मी नेमकं काय करते?" असं विचारा. यातला एकच प्रश्न निवडा आणि पंधरा दिवस त्यालाच धरून राहा.

दहा मिनिटं रेकॉर्ड करा

शाळेची परवानगी घ्या, मुलांना सांगा, काम झालं की फाईल पुसून टाका. फोन टेबलावर पालथा ठेवला तरी चालतो, कारण नुसता आवाज पुरतो. व्हिडिओ असला की आपण आपले हातवारेच बघत बसतो. शक्यतो प्रश्नोत्तरांचा भाग घ्या. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकवत नाही, ते सोसा. मी दहा मिनिटांत २७ वेळा 'ओके' म्हणाले होते.

तीन मिनिटं शब्दन् शब्द उतरवा

कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथेच. माझ्या वहीतला हा तुकडा:

मी: व्हॉट डिड यू डू ऑन संडे?
मुलगी: आय गो टू ग्रँडमदर. शी इज व्हेरी सिक.
मी: वेन्ट. आय वेन्ट. व्हेरी गुड! नेक्स्ट?

आजी आजारी आहे, आणि मी म्हणते "व्हेरी गुड". वर्गात हे माझ्या कानावर आलंच नव्हतं, कारण माझा कान फक्त क्रियापदाच्या रूपावर होता. शिक्षकाने विचारायचं, मुलाने उत्तर द्यायचं, शिक्षकाने शेरा मारायचा, ही तीन टप्प्यांची साखळी सिंक्लेअर आणि कूल्टहार्ड या भाषाशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच दाखवून दिली होती. यातला तिसरा टप्पा पूर्णपणे आपल्या हातात असतो. मी "ओह! व्हॉट हॅपन्ड?" एवढंच विचारलं असतं, तर तिला आणखी दोन वाक्यं बोलावी लागली असती, आणि तीही भूतकाळात! माझ्या पाठाचं उद्दिष्ट भूतकाळच होतं.

आता मोजा

उतरवलेल्या पानाच्या समासात खुणा करा. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असे प्रश्न किती आणि खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलेले किती? 'डू यू अंडरस्टँड?' दिसला की त्याला लाल गोल करा. त्यावर अख्खा वर्ग 'येस' म्हणतो तो सवयीने. 'आय यूज्ड टू प्ले चेस' शिकवलं असेल, तर 'डू आय प्ले चेस नाऊ?' असं विचारा, कुणाला कळलं नाही ते लगेच उघडं पडतं.

थांबण्याचा वेळ घड्याळ लावून मोजा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत दिसलं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. ते तीन सेकंद थांबू लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि जास्त मुलं बोलू लागली. परक्या भाषेत तर शब्द शोधायलाच तेवढा वेळ जातो.

चुकांचंही बघा. लिस्टर आणि रांटा या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत पाहिलं, तर निम्म्याहून जास्त वेळा शिक्षक मुलाचं वाक्य नुसतं दुरुस्त करून म्हणून दाखवत होते, आणि त्यावर मुलांचा प्रतिसाद मात्र सगळ्यात कमी होता. माझं 'वेन्ट' त्याच जातीचं. कधीतरी 'ऑन संडे, आय...' एवढं म्हणून गप्प राहून बघा. पण बातमी आजारपणाची असेल, तर व्याकरण नंतर.

दुसऱ्यांचे डोळे

सहकाऱ्याला वर्गात बोलवा, पण "तास कसा वाटला?" असं विचारू नका. 'छान' याच्यापलीकडे काही मिळणार नाही. त्यांच्या हातात बाकांचा नकाशा द्या, जे मूल बोलेल त्याच्या जागी रेघ मारायला सांगा. मुलांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या: "आज कुठे अडलं?" उत्तर त्यांच्या भाषेत चालेल.

एकच गोष्ट बदला

पाठ टाचणावर ती लाल शाईने लिहा, दोन आठवडे करा, मग तशीच दहा मिनिटं पुन्हा रेकॉर्ड करून तेच मोजा. सुरुवातीला अवघडायला होतं. दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये मी तीन सेकंद थांबले खरी, पण ती शांतता न सोसून दोनदा स्वतःच उत्तर देऊन मोकळी झाले. त्यानंतर प्रश्न विचारला की मी वर्गाकडे पाठ करून फळ्याचा कोपरा पुसायला लागले. पुसून होईपर्यंत मागून कुणीतरी बोलतंच.